ड्रायरच्या नळीतल्या चिमण्या

बॉस्टनजवळच्या आमच्या भाड्याच्या घराच्या मागच्या भिंतीतून कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी बाहेर निघते. तिच्या तोंडावरची झडप केव्हाच मोडलीय. जानेवारीत पारा उणे 16 वर गेला तेव्हा तिथे सहा-सात चिमण्यांची धर्मशाळा झाली. मशीन सुरू झालं की सगळ्या शेजारच्या तारेवर येऊन वाफेत शेकत बसायच्या, बंद झालं की दोघी-तिघी आत शिरायच्या. पिसं इतकी फुलवलेली, की चोच लावलेलं मोसंबंच वाटावं. एक पाय पोटात ओढलेला. थोड्या वेळाने तो खाली, दुसरा वर.

जेमतेम 30 ग्रॅमचा जीव. आत 40 अंशांच्या वर तापमान टिकवायचं, आणि इथली डिसेंबरातली रात्र 15 तासांची. दिवसभर खाऊन साठवलेली चरबी रात्री कुडकुडण्यात जाळायची, उजाडलं की पुन्हा दाण्यामागे. त्यात पाऊस-बर्फाने पिसं भिजली तर संपलंच. इथून तासाभरावरच्या प्रॉव्हिडन्सला फेब्रुवारी 1898 मधल्या एका वादळानंतर हर्मन बम्पस नावाच्या प्राध्यापकाकडे गारठलेल्या 136 चिमण्या आणल्या होत्या. 72 शुद्धीवर आल्या, 64 मेल्या. या गृहस्थाने सगळ्यांची मापं घेतली आणि कोण का वाचलं याचा हिशेब मांडला. उत्क्रांती शिकवताना तो आजही सांगतात.

मी देशी दुकानातली बाजरी टाकू लागले, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "यांना नको हो घालू!" अमेरिकेत ही चिमणी उपरी. 1850 च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडलेली. निळ्या ब्लूबर्डची घरटी बळकावते, त्यांची अंडी फोडते, म्हणून पक्षीप्रेमीच तिच्यावर खार खाऊन. स्थलांतरित पक्ष्यांना 1918 च्या कायद्याचं संरक्षण आहे, हिला नाही. हिला पकडायचे पिंजरे चक्क विकत मिळतात. दादरच्या कबुतरखान्यावर 2025 मध्ये ताडपत्री पडली तेव्हा कबुतरांबद्दल जे जे ऐकलं, ते इथे चिमणीबद्दल ऐकते.

आणि 20 मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, सांगलीच्या मामाचा फॅमिली ग्रुपवर दरवर्षीचा मेसेज: मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या. मामा, संपल्या नाहीत रे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2020 चा मोठा अहवाल सांगतो, की देशभरात चिमणी पंचवीसेक वर्षांत साधारण टिकून आहे. कमी झाली ती मोठ्या शहरांत. टॉवरवर खापर फोडण्याजोगा पुरावा त्यात नाही. आणि टॉवर इथे काय कमी आहेत?

मला वाटतं, आपण चिमण्यांवर प्रेम करायचो हीच थाप आहे. आमच्या वाड्यात देवांच्या तसबिरींमागे, कौलांखालच्या वाशांत, मीटरच्या पेटीवर घरटी असायची, आणि आजी रोज काड्या झाडताना त्यांना शिव्या घालायची. तिला जमलं असतं तर तिने प्रत्येक फट लिंपली असती. जमलं नाही, म्हणून चिमण्या राहिल्या. सुपातून तांदूळ सांडायचे, परसात किडे असायचे. पिल्लांना पहिले काही दिवस किडेच लागतात, दाणे नव्हे. आता मामाच्या सोसायटीत गुळगुळीत भिंती, स्लायडिंग खिडक्या, खाली पेव्हर ब्लॉक. सातव्या मजल्यावर त्याने लाकडी पेटी टांगलीय, तिचा फोटोही टाकला. पेटी छान आहे. तिच्याखाली सगळीकडे फरशी.

तोच शहाणपणा मला इथे झेपला नाही, हेही सांगते. घरमालक म्हणाला, नळीत काड्या साठल्या तर आग लागेल. खरंच लागते. विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्याने जाळी ठोकली, आणि मीच शिडी धरून उभी होते.

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीखाली थांबले होते. पाटीतल्या 'ओ' अक्षराचा वरचा पत्रा निखळलाय, आतला दिवा रात्रभर चालू असतो. एक चिमणा तिथून डोकं बाहेर काढून ओरडत होता. तोंडात काडी घेऊन दुसरी आली, ती सरळ आत.