ताई टिकू नयेत म्हणून

अभिनंदन. जिल्ह्यातल्या निराधार, हरवलेल्या, घरातून पळून आलेल्या, कुणीतरी सोडून दिलेल्या मुलांची जबाबदारी आता तुमच्याकडे आली आहे. तुम्ही बदली होऊन आलेले साहेब असाल, मॅडम असाल किंवा एखाद्या बालगृहाच्या संस्थेचे नवे अध्यक्ष असाल. पहिल्या आठवड्यातच एक गंभीर बाब तुमच्या नजरेस येईल. इथले काही कर्मचारी काम शिकून बसले आहेत. कोणता मुलगा दिवा मालवला की रडतो, कुणाच्या मामाला भेटीच्या दिवशी आत सोडायचं नाही, कोणती मुलगी ‘मला बरं वाटतंय’ म्हणाली की समजायचं बरं नाहीये, हे त्यांना फाईल न उघडता सांगता येतं. मुलंही मग काही झालं की थेट त्या ताईंकडे धावतात आणि तुमच्या दालनाकडे फिरकत नाहीत.

घाबरू नका. अशी माणसं जास्त दिवस टिकू नयेत यासाठीचे उपाय सोपे आहेत, बहुतेक बिनखर्ची आहेत आणि आपल्याकडे अनेक वर्षं वापरून पारखलेले आहेत.

सुरुवात नेमणुकीपासूनच करा. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. दोन आदेशांच्या मध्ये एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड टाकायला विसरू नका. त्या दिवशी ताई तुमच्या कर्मचारी नसतात, पण फोन चालू ठेवायला मात्र सांगून ठेवा, कारण स्टेशनवर मुलं सापडायची थांबत नाहीत. मुदतवाढीचा आदेश मुदत संपल्यावर तीन महिन्यांनी काढावा, पूर्वलक्षी प्रभावाने. त्या तीन महिन्यांत त्या येतातच. कशाच्या भरवशावर येतात हा प्रश्न विचारू नये. विचारलात तर उत्तराची टिप्पणी सादर करावी लागेल.

यात तुम्ही परंपरेचे पाईक आहात हे लक्षात ठेवा. २००९-१० मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना आली. तिची पुढे बाल संरक्षण सेवा झाली आणि आता मिशन वात्सल्य आहे. केंद्राचा वाटा ६०, राज्याचा ४०. नावं बदलली, लेटरहेड नवीन छापून झाले, बोधचिन्ह आलं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात बसणारा माणूस मात्र पहिल्या दिवशी कंत्राटी होता आणि आजही कंत्राटीच आहे. मुळात ते ‘मिशन’ आहे. मिशनवर गेलेल्या माणसानं भविष्य निर्वाह निधीबद्दल विचारणं शोभत नाही.

आता या अकरा महिन्यांचं खरं सौंदर्य पाहा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लिहिलं आहे की विशेष न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा. म्हणजे सगळं कायद्याप्रमाणे, अगदी घड्याळ लावून झालं, तरी खटला समुपदेशकाच्या कंत्राटापेक्षा महिनाभर जास्त चालणार. आणि ‘शक्यतो’ या शब्दाची आपल्या न्यायालयांत किती वर्षं होतात ते तुम्हाला माहीत आहे.

समजा एक तेरा वर्षांची मुलगी आहे. पहिल्या ताईंसमोर ती तीन आठवडे फक्त चित्र काढत बसली. चौथ्या आठवड्यात चित्र काढता काढता, मान वर न करता, एक वाक्य बोलली. मग दुसरं. ताईंनी लिहून घेतलं, पेन्सिलीला टोक करून दिली, घाई केली नाही. इतक्यात ताईंची मुदत संपली. दुसऱ्या आल्या. त्यांनी फाईल चाळली, गोड आवाजात म्हणाल्या, “पहिल्यापासून सांग हं बाळा.” मुलीनं सांगितलं, थोडं कमी. त्यांना दोन महिन्यांत शिक्षकाची नोकरी लागली. तिसऱ्यांनी पुन्हा “पहिल्यापासून सांग” म्हटलं तेव्हा मुलगी म्हणाली, “आधीच्या ताईंनी लिहिलंय की. वाचा ना.” हा उद्धटपणा नव्या ताईंनी अहवालात ‘बालिका प्रतिसाद देत नाही’ असा नोंदवला. आरोपीच्या वकिलाला पुढे तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा जबाब सापडला. पाहा, केवळ वेळेवर मुदतवाढ न दिल्यानं किती कामं एकदम होतात!

या मुलीच्या सोबतीला बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, एक सहायक व्यक्ती नेमते. पोलीस ठाणं, दवाखाना, न्यायालय, सगळीकडे मुलीचा हात धरून जाणारी. २०२० च्या पॉक्सो नियमांनी तिला कुशल कामगाराइतकं मानधन ठरवून दिलं आहे. कागदावर ती फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या बरोबरीला आली, ही सामाजिक प्रगतीच म्हणायची. फक्त मिस्त्री फरशी बसली की संध्याकाळी पैसे मोजून घेऊन जातो. सहायक व्यक्तीनं देयक तीन प्रतींत द्यावं, सोबत उपस्थितीचा दाखला जोडावा आणि अनुदान येईपर्यंत वाट पाहावी.

पैशांचा विषय निघालाच, तर एक वाक्य पाठ करून ठेवा: “अहो, हे पुण्याचं काम आहे.” पुण्य दर महिन्याला जमा होतं, मानधन अनुदान प्राप्त होताच. या वाक्यापुढे घरभाडं, मुलांची फी, सासूबाईंचं औषध असले क्षुद्र विषय आपोआप गळून पडतात.

प्रवासाचं बघू. यवतमाळसारखा १६ तालुक्यांचा जिल्हा घ्या. कक्षाला समुपदेशक एक. बाल न्याय कायदा म्हणतो की प्रवासाचा वेळ वगळून मूल २४ तासांच्या आत समितीसमोर हजर व्हायला हवं आणि सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यायला हवा. अहवालासाठी मुलाच्या घरी जावं लागतं, शेजारी, शाळा, पोलीस पाटील अशी विचारपूस करावी लागते. तिकडे नंदुरबारहून धडगावकडच्या पाड्यावर निघालेली ताई एसटीनं जाईल तिथवर जाते, पुढे काळीपिवळीत दाटीवाटीनं बसते आणि शेवटचे काही किलोमीटर चालते. काळीपिवळीवाला तिकीट देत नाही. तेव्हा तिचं प्रवास देयक ‘मूळ तिकीट जोडलेले नाही’ या त्रुटीसह परत करा. चाललेल्या अंतराचा तर पुरावाच नसतो. दोन वेळा देयक परत आलं की तिसऱ्या वेळी ती देयक देत नाही. त्यानंतर गृहभेट फोनवर होऊ लागते, अहवाल झरझर येतात आणि तुमची प्रलंबित प्रकरणं कमी दिसतात. आढावा बैठकीत तुमचं कौतुक होतं. त्या घरात दारू पिऊन कोण बसलंय हे फोनवर ऐकू येत नाही, पण तसा रकानाही विहित नमुन्यात कुठे आहे?

नमुन्यावरून आठवलं. पोर्टल. हे आपलं सर्वांत प्रभावी साधन आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो. गेल्या काही वर्षांत ट्रॅकचाइल्ड झालं, बालस्वराज झालं, दत्तकासाठी केअरिंग्ज आहे, मिशन वात्सल्यचं आपलं पोर्टल आहे. बाल हक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगानं मुलांना स्वगृही पोचवण्यासाठी ‘घर’ नावाचं पोर्टल आणलं आणि बालगृहांच्या तपासणीसाठी ‘मासी’ नावाचं अॅप. आता बघा, ज्या मुलाला जगात कुणी नाही त्याला सर्व्हरवर घर आहे, मावशी आहे. फक्त या नातेवाइकांचा पाहुणचार ताईंना करावा लागतो. एकच मूल ठिकठिकाणी भरायचं; इथे आडनाव आधी, तिथे नंतर; इथे जन्मतारीख नसेल तर पुढे जाता येत नाही, आणि रस्त्यावर सापडलेल्या मुलाला जन्मतारीख विचारली तर ते हसतं. शिवाय हीच माहिती वरिष्ठ कार्यालयाला एक्सेलमध्ये, समन्वयकाला व्हॉट्सअॅपवर आणि तुम्हाला छापील, सहीसह. मेसेज नेहमी दुपारी अडीचला टाका, ‘आज ३ पर्यंत, अत्यंत तातडीचे’. काही घडलं नसेल तर निरंक अहवाल, पण अहवाल हवाच. डेटा एंट्री चालू असताना मूल येऊन ओढणी धरून उभं राहिलं तर ताई म्हणाल्या पाहिजेत, “थांब, तुझंच काम करतेय.”

पदं रिकामी असतील तर भरू नका. अतिरिक्त कार्यभार द्या. संस्थात्मक काळजीच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे संस्थाबाह्य काळजीचा कार्यभार, विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याकडे समुपदेशन, लेखापालाकडे जे उरेल ते. कामाचा दर्जा घसरला तर एकाच माणसाला जबाबदार धरता येतं, ही सोय आहे.

रात्रीचं काम महत्त्वाचं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास एखाद्या तांड्यावर पंधरा वर्षांच्या मुलीला हळद लागल्याची खबर येते. ग्रामीण भागात कायद्यानं बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी. पण ग्रामसेवकाला उद्याही त्याच गावात बसायचं आहे, त्याच सरपंचाच्या सह्या घ्यायच्या आहेत. म्हणून मांडवात पुढे जाते आपली कंत्राटी ताई. वाहन नाही, पोलिसांची गाडी बंदोबस्तात. शिव्या खाते, नवऱ्याकडचे अंगावर येतात, मुलगी तिच्यामागे लपते. पहाटे लग्न थांबतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो येतो, त्यात तुम्ही असता. ताई फोटोत नसतात, कारण त्या वेळी त्या मुलीला समितीसमोर हजर करण्यासाठी रिक्षा शोधत असतात. सकाळी साडेनऊला त्यांची उशिरा आल्याची नोंद करायला हरकत नाही. बायोमेट्रिक यंत्राला भावना नसतात, ते त्याचं बलस्थान.

बालगृहाची व्यवस्था थोडी वेगळी. बाल न्याय कायद्याचे २०१६ चे आदर्श नियम मुलांच्या संख्येप्रमाणे गृहमाता किंवा गृहपिता धरतात. सुट्ट्या, आजारपण, रिक्त पदं वजा करता रात्री एक काळजीवाहक उरतो. त्याच्याकडे चाळीसेक मुलं, त्यांतली काही नव्यानं आलेली, एखादं तापानं फणफणलेलं, एखादं भिंतीवर डोकं आपटणारं. दोघांना दवाखान्यात न्यायचं आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं हे एकाच वेळी कसं करायचं याचं प्रशिक्षण अजून निघालेलं नाही. एखादं मूल भिंत चढून पळालं की सकाळी अकराच्या आत त्याच काळजीवाहकाला कारणे दाखवा नोटीस द्या. नोटीस टाईप करायला कार्यालयात तीन माणसं असतात, ही गोष्ट समाधानकारक आहे. बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली संस्थेतल्या माणसानं मुलाचा छळ केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. ज्यानं खरोखर मुलावर हात उचलला त्याला ती व्हावीच, इथे माझा उपरोध थांबतो. पण एक माणूस चाळीस मुलांत उभा करणाऱ्यासाठी कोणतं कलम लावतात ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

अनुभवी माणसं घाऊक प्रमाणात मोकळी करायची असतील तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनचा अभ्यास करा. १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून ही हेल्पलाइन सुरू झाली. पुढे गावोगावच्या संस्थांची पोरं-पोरी मध्यरात्री स्टँडवर, फलाटावर जायला शिकली. कोणत्या गाडीनं मुलं येतात, कोणता चहावाला खबर देतो, कोणता हवालदार मुलाशी नीट बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. २०२३ मध्ये सेवा सरकारी यंत्रणेकडे आली, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. क्रमांक तोच राहिला. चहावाल्याची ओळख हस्तांतरणाच्या यादीत बसत नव्हती.

इतकं करूनही काही चिवट निघतात. दिवसभर असल्या कहाण्या ऐकून घरी गेल्यावर त्यांना झोप लागत नाही, आपल्याच मुलीला गल्लीत खेळायला सोडवत नाही, तरी दुसऱ्या दिवशी येतात. त्यांच्यासाठी ‘ताणतणाव व्यवस्थापन’ कार्यशाळा ठेवा, रविवारी. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येऊन सकारात्मक राहायला सांगतील. दीर्घ श्वास घेतानाचे फोटो जिओटॅगसह त्याच दिवशी अपलोड करायला लावा. एखादी म्हणाली की आम्हालाही महिन्यातून एकदा कुणाशी तरी मोकळेपणानं बोलता यावं, वरिष्ठांनी केस घेऊन बसावं, चुकलं तिथे शिकवावं, रजा मागितली की आधी चेहरा पाहावा, तर तिचं म्हणणं अभिप्राय फॉर्मवर लिहून घ्या. फॉर्म जपून ठेवा, लेखापरीक्षणात लागतात. आणि १४ नोव्हेंबरला तिला मानचिन्ह द्या. मानचिन्हावर नाव चुकलं तरी ती काही बोलणार नाही. सवय झालेली असते.

शेवटी राजीनामा येईल. दोन ओळींचा, ‘वैयक्तिक कारणास्तव’. स्वीकारायला महिना लावा. सिमकार्ड आधी काढून घ्या, नाहीतर मुलं तिला फोन करत राहतात. थकलेलं मानधन ना-देय प्रमाणपत्राशी जोडा, ना-देय प्रमाणपत्र भांडार नोंदवहीशी, आणि भांडार नोंदवहीतली एक पंचिंग मशीन २०१९ पासून सापडत नाही. अनुभव प्रमाणपत्रावर तांत्रिक खंड वगळून कालावधी लिहावा, म्हणजे सात वर्षांच्या सेवेचे तुकडे पडतात आणि सलग अनुभव अकरा महिन्यांचाच भरतो.

मग जाहिरात द्या. पात्रता एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), बाल संरक्षण क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा सलग अनुभव, स्वतःची दुचाकी, दिवसाचे चोवीस तास काम करण्याची तयारी. असा अनुभव तुमच्या जिल्ह्यात कुणाला मिळू शकत नाही, तेव्हा अर्ज शेजारच्या जिल्ह्यातून सुटून आलेल्यांचेच असतील. तुमच्या ताईंनी तोवर तिकडे अर्ज केलेला असेल. मुलाखतीला वेळेवर बोलवा, बाकावर दोन तास बसवा आणि पहिलाच प्रश्न विचारा, “आधीची नोकरी का सोडली?”