बाबांनी फॉरवर्ड केलेला हिटलर

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला घरच्या ग्रुपवर बाबांचा मेसेज आला. एरवी त्या वेळेला जास्वंदीचं फूल आणि सुप्रभात येतं. या वेळी हिटलर आला. खाली तीन वेळा हात जोडलेले.

मेसेज बहुतेक तुमच्याकडेही फिरून गेला असेल. थोडक्यात असा: १९३३ साली जर्मनीत साठ लाख बेकार होते. एका खंबीर माणसाने तीन-चार वर्षांत प्रत्येक हाताला काम दिलं. सावकारी बँकवाल्यांना हाकलून बिनव्याजी पैसा उभा केला. जगातले पहिले महामार्ग बांधले. महागाई रोखली. प्रत्येक कामगाराला कार दिली, समुद्रसफरी घडवल्या. एकही संप झाला नाही. शेवटी ठरलेली ओळ: आपल्याला असा माणूस कधी मिळणार?

दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर न वाचता पुढे गेलो असतो. पण बाबा! भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली अकरा वर्षं युनियनचा खजिनदार. आमच्या शोकेसच्या खालच्या खणात वर्गणीची पावतीपुस्तकं अजून आहेत. कार्बन घालून लिहिलेली, निळा रंग उडून जांभळा झालेला. मी चौथीत असताना संप झाला तेव्हा दोन महिने आमचा किराणा उधारीच्या वहीवर चालला होता. आणि आता हाच माणूस ‘एकही संप झाला नाही’ हे कौतुकाने पुढे पाठवतोय. म्हणून लिहायला बसलो. मुद्दे मेसेजच्या क्रमाने घेत नाही, माझ्या रागाच्या क्रमाने घेतो.

तर, संप. १ मे १९३३ला हिटलरने कामगार दिनाची भरपगारी सुट्टी जाहीर केली. जर्मन युनियनांनी कित्येक वर्षं मागितलेली गोष्ट. बर्लिनच्या टेम्पलहोफ मैदानावर लाखोंची सभा झाली, आणि युनियनच्या पुढाऱ्यांनीच आपल्या सभासदांना तिकडे जायला सांगितलं होतं. नव्या सरकारशी जमवून घेतलं तर संघटना वाचेल असा त्यांचा हिशोब. दुसऱ्या दिवशी, २ मेला सकाळी, नाझींच्या टोळ्या देशभरातल्या युनियन कचेऱ्यांत घुसल्या. पुढाऱ्यांना उचललं. ड्युइसबुर्गमध्ये चार कार्यकर्त्यांना युनियनच्याच इमारतीच्या तळघरात मारून टाकलं. कचेऱ्या, छापखाने, बँकेतली खाती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी देऊन जमवलेलं सगळं, जप्त झालं. आठवडाभरात त्या जागी रॉबर्ट लाय या माणसाच्या हाताखाली ‘जर्मन कामगार आघाडी’ उभी राहिली. तिच्यात मालकही सभासद. पगार ठरवायला सरकारने ‘विश्वस्त’ नेमले. जानेवारी १९३४च्या कायद्याने मालक झाला ‘कारखान्याचा नेता’ आणि कामगार त्याचे ‘अनुयायी’. कारखान्यात सल्लागार मंडळाच्या निवडणुका घेतल्या, त्या दोन वर्षं. १९३५ नंतर त्यांचीही गरज वाटली नाही.

एवढं करूनही ‘एकही संप नाही’ हे खोटंच आहे. जून १९३६मध्ये रुसेल्सहाइमच्या ओपेल कारखान्यात पगारकपातीवरून अडीचशेच्या आसपास कामगारांनी काही मिनिटं काम थांबवलं. मिनिटं म्हणतोय, दिवस नाही. गेस्टापो, म्हणजे नाझींची गुप्त पोलिस यंत्रणा, आली, काहींना अटक झाली, काहींची नोकरी गेली. बाबांच्या संपात कंपनीने चार्जशीटं दिली होती, गेटवर पोलिस होते, सगळं मान्य. पण रात्री घरी येऊन ते पिठलं-भात खात होते.

आता कार. मेसेजमधला सगळ्यात विनोदी मुद्दा हाच, आणि लोक नेमके यालाच भुलतात. ‘प्रत्येक कामगाराला कार दिली.’ किती जणांना दिली? हप्ते भरणाऱ्यांपैकी एकालाही नाही.

योजना ऑगस्ट १९३८मध्ये सुरू झाली. गाडीची किंमत ९९० मार्क, आठवड्याला किमान पाच मार्क. दर आठवड्याला तिकीट विकत घ्यायचं आणि कार्डावर चिकटवायचं. कार्ड भरलं की दुसरं. असं १९८ आठवडे, म्हणजे पावणेचार वर्षं, चिकटवत राहिलात की गाडी. विम्याचे दोनशे मार्क वेगळेच. आपल्याकडच्या भिशीत निदान दर महिन्याला कुणाचा तरी नंबर लागतो. इथे तीन लाख छत्तीस हजार लोकांनी तिकिटं चिकटवली, अठ्ठावीस कोटी मार्कांच्या आसपास रक्कम जमली, आणि तेवढ्यात युद्ध सुरू झालं. कारखाना लष्करी गाड्या काढायला लागला. मुळात आठवड्याला तिशीच्या आसपास मार्क कमावणाऱ्या कामगाराला हे पाच मार्क परवडणारेच नव्हते. कार्डं घेणारे बहुतेक मध्यमवर्गीय. युद्धानंतर या लोकांनी ती गाडी काढणाऱ्या फोक्सवागेन कंपनीला कोर्टात खेचलं. १९६१ साली तडजोड झाली: नवी गाडी घेतलीत तर जास्तीत जास्त सहाशे मार्क सूट, नाहीतर रोख शंभर.

आणि तो कारखाना कुणाच्या पैशाने उभा राहिला? कामगार आघाडीच्या. कामगार आघाडीकडे पैसा आला तो मुख्यतः सक्तीसारख्या वर्गणीतून आणि २ मेला लुटलेल्या युनियनच्या मालमत्तेतून. बाबा, तुमच्या त्या पावतीपुस्तकांचा पैसा कुणी दंडुक्याने काढून नेला, त्यातून कारखाना काढला, आणि तुम्हालाच तिथली गाडी हप्त्याने विकून ती दिलीच नाही, असं समजा.

‘प्रत्येक हाताला काम’ यात अर्धं खरं आहे. नाइलाजाने मान्य करतो. साठ लाखांचा आकडा खरा, आणि १९३८पर्यंत बेकारी जवळजवळ संपली होती हेही खरं. ज्याच्या घरात तीन वर्षं पगार आला नव्हता त्याच्या घरात तो येऊ लागला. त्या माणसाला हिटलर देव वाटला असेल तर मी त्याला हसणार नाही. पण कसं झालं ते बघा. सर्वांत वाईट काळ १९३२मध्येच सरत आला होता. त्याच वर्षी लोझानच्या परिषदेत पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईचं ओझं व्यवहारात उतरलं होतं, आधीच्या सरकारांनी रोजगाराच्या योजनाही मंजूर केल्या होत्या. मग आकड्यांची कलाकुसर. जून १९३३पासून लग्नासाठी हजार मार्कांपर्यंत कर्ज, अट अशी की बायकोने नोकरी सोडायची. गेली बाई यादीतून. एप्रिल १९३३च्या कायद्याने ज्यू आणि विरोधी विचारांचे सरकारी नोकर काढून टाकले, त्यांच्या खुर्चीवर दुसरे बसले, झाली ‘रोजगारनिर्मिती’. १९३५पासून तरुणांना सहा महिने सक्तीची श्रमसेवा आणि त्यानंतर सक्तीची लष्करभरती. एक लाखाची फौज १९३९पर्यंत सात लाखांच्या पुढे गेली. गणवेशातला माणूस बेकार मोजत नाहीत.

उरलेलं काम कुठून आलं? या काळाच्या अर्थव्यवस्थेवर ॲडम टूझ या इतिहासकाराने केलेलं काम वाचलं की दुसरं फारसं काही लागत नाही. जून १९३३मध्ये, म्हणजे सत्तेवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, रोजगार योजनेला एक अब्ज मार्क मंजूर झाले, त्याचा डंका पिटला गेला. त्याच महिन्यात, डंका न पिटता, शस्त्रास्त्रांसाठी आठ वर्षांत पस्तीस अब्ज मार्क खर्चायचं ठरलं. रोजगारासाठी नवा पैसा देणं तर त्या वर्षाअखेरीसच थांबलं. तरीही शंका असेल तर खुद्द हिटलरने ऑगस्ट १९३६मध्ये लिहिलेलं गुप्त टिपण आहे. त्याचा शेवट दोन कलमांचा: चार वर्षांत जर्मन सैन्य लढाईला तयार हवं, चार वर्षांत जर्मन अर्थव्यवस्था युद्धाला तयार हवी. तिसरं कलम नाही. कामगार, पगार, घर, कार, काही नाही.

त्या कामावरच्या माणसाचं काय? १९३५पासून प्रत्येकाचं ‘कामाचं पुस्तक’. आधार कार्डाएवढं निरुपद्रवी वाटतं, पण ते राहायचं मालकाच्या कपाटात. त्याशिवाय दुसरीकडे कुणी ठेवून घ्यायचं नाही. १९३६च्या अखेरीस लोखंड, बांधकाम अशा धंद्यांतल्या मालकांना मुभा मिळाली की मुदतीआधी सोडून जाणाऱ्याचं पुस्तक अडकवून ठेवावं. माणसं कमी पडू लागली तेव्हा जास्त पगार देऊन दुसऱ्याचा कामगार ओढू नये म्हणून जून १९३८मध्ये पगाराला कमाल मर्यादा घालायचा अधिकार विश्वस्तांना दिला. म्हणजे मंदीत पगार खाली आणायला बाजार मोकळा, आणि तेजीत वर जायला कायदा आडवा. ताशी दर जवळपास १९३३च्याच पातळीवर राहिले. हातात थोडे जास्त आले ते तास वाढल्यामुळे. त्याच जून १९३८मध्ये सरकारने कुणालाही कुठल्याही कामावर पाठवायचा हुकूम काढला, आणि पश्चिम सीमेवरच्या तटबंदीसाठी लाखो लोक घरापासून दूर नेले. आमच्याकडे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी बाईसुद्धा दुपारी टोपली टाकून घरी निघून जाऊ शकत होती. उपाशी राहिली असती, पण तिला कुणी छावणीत घातलं नसतं.

छावणीचं उगाच म्हणत नाही. १९३८मध्ये ‘कामचुकार’ ठरवून दहा हजारांवर लोक धरले आणि बुखेनवाल्ड, साक्सेनहाउझेनसारख्या छळछावण्यांत टाकले. दोनदा काम नाकारलं एवढं कारण पुरत होतं. भिकारी, भटके, जिप्सी, जुनी एखादी किरकोळ शिक्षा झालेले ज्यू. छातीवर बहुतेकांना ‘समाजविरोधी’ची खूण, काळा त्रिकोण. मेसेजमध्ये ‘एकही रिकामटेकडा दिसेना’ असं एक वाक्य आहे. दिसेना, बरोबर.

महामार्गांचं पटकन उरकतो. कोलोन-बॉन रस्ता ६ ऑगस्ट १९३२ला सुरू झाला, उद्‌घाटन कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी केलं. हिटलर तेव्हा सत्तेवरही नव्हता. आराखडे विसाच्या दशकातले. आयत्या बिळावर नागोबा. फावडं घेऊन फोटो काढला सप्टेंबर १९३३मध्ये, तोच अजून फिरतोय. आणि अगदी भरात असताना या कामावर थेट सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती. साठ लाखांत सव्वा लाख.

महागाई रोखली म्हणजे नोव्हेंबर १९३६मध्ये भाव गोठवले. भाव पाटीवर तेवढाच, लोणी दुकानात नाही. समुद्रसफरी मात्र खरोखर निघाल्या, माडेरा आणि नॉर्वेपर्यंत, तेवढं श्रेय देऊन टाकतो.

राहिला ‘बिनव्याजी पैसा’. इथे ‘सावकार’ हा शब्द कुणासाठी वापरलाय ते मेसेज लिहिणाऱ्याला पक्कं माहीत आहे. ज्यूंची दुकानं, कारखाने कवडीमोलाने बळकावले, नोव्हेंबर १९३८च्या दंगलीत त्यांची घरं फोडली आणि वर त्यांच्याकडूनच एक अब्ज मार्क दंड घेतला. याला अर्थनीती म्हणायचं असेल तर दरोडेखोराला अर्थतज्ज्ञ म्हणा. शस्त्रास्त्रांचा खर्च लपवायला राइशबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख ह्याल्मार शाख्ट यांनी हुंड्यांची, म्हणजे पैसे नंतर देण्याच्या वचनचिठ्ठ्यांची, योजना काढली. ‘मेफो’ नावाची दहा लाख मार्क भांडवलाची कागदी कंपनी. तिच्या नावाने क्रुप, सीमेन्ससारख्या कारखानदारांची बिलं चुकती करायची. १९३८पर्यंत अशा बारा अब्ज मार्कांच्या हुंड्या झाल्या. बिनव्याजी? चार टक्के व्याज होतं. आता थांबा, नाहीतर चलन कोसळेल, असं जानेवारी १९३९मध्ये शाख्टनी लेखी कळवलं, तेव्हा त्यांनाच घरी पाठवलं. सप्टेंबरात पोलंडवर हल्ला.

बुधवारी रात्री बाबांना फोनवर हे सगळं ऐकवलं. ते मध्ये काही बोलले नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. गाडीच्या कार्डांपाशी आलो तेव्हा म्हणाले, “त्या लोकांच्या पैशावर व्याज किती?”

“काहीच नाही.”

“आणि कारखानदारांच्या हुंडीला चार टक्के?”

“हो.”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “तो मेसेज सगळ्यांचा कसा काढायचा, सांग.” तीन दिवस होऊन गेले होते, आता सगळ्यांचा निघत नाही. त्यांच्या फोनमधून काढून दिला. बाकी बावीस जणांकडे आहे, आणि मामांनी तो दुपारीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय.