शाळा सोडल्याचा दाखला

तर यादीत तुमचं नाव आलं. अभिनंदन. जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, बाराखडीच्या तक्त्याखाली चार कुटुंबं आणि एक शेळी मिळून इतके दिवस काढलेत. आता तुम्हाला 'सामुदायिक निवाऱ्यातून सुधारित तात्पुरत्या निवाऱ्यात' हलवण्यात येणार आहे. वाक्य लांब आहे, घाबरू नका. त्यातल्या 'तात्पुरत्या'कडे बघायचं नाही, 'सुधारित'कडे बघायचं. बातमीतही तोच शब्द ठळक असतो.

मी या वर्गाचा जुना विद्यार्थी, म्हणून हक्कानं चार गोष्टी सांगतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आमचा प्रवेश झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव उशिरा निजलं होतं. किल्लारी, सास्तूर ही नावं तोवर जिल्ह्याबाहेर कुणी ऐकली नव्हती. मग जगानं ऐकली, आणि आम्ही 'भूकंपग्रस्त' नावाच्या नव्या जातीत जन्माला आलो. तुमच्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, तेरणा, गोदावरी एकदमच घरात आल्या, म्हणून तुम्ही 'पूरग्रस्त'. पोटजात वेगळी, पण रांग एकच.

सगळ्यात आधी कागद. पाणी अंगणात आलं की अडाणी माणसं पोरं उचलतात, म्हातारी पाठीवर घेतात, शेळीचं दावं सोडतात. शहाणा माणूस आधी सातबारा उचलतो, मग रेशन कार्ड, मग आधार, मग बँकेचं पासबुक, आणि हात रिकामा राहिलाच तर आई. आईची झेरॉक्स लागत नाही.

पंचनाम्याचंही तसंच. घर पडायचं तर नीट पडावं. 'अंशतः' पडलेलं घर हे पोरीच्या मोडलेल्या सोयरिकीसारखं असतं, धड सांगता येत नाही आणि लपवताही येत नाही. भिंतीला भेग पडली असेल, पोटात फुगा आला असेल, तर तलाठी यायच्या आत तिला काय ते ठरवू द्या. पंचनामा होऊन गेल्यावर तिसऱ्या रात्री पडलेली भिंत ही त्या भिंतीची खाजगी बाब समजली जाते.

आता घराच्या आकाराचं बघू, कारण सुधारणा चौरस फुटात मोजतात. आमच्या वेळी 52 गावं उचलून नव्या जागी बसवली. जागतिक बँकेचा पैसा होता, काम मोठं झालं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं नीटही झालं. (हे वाक्य उपरोधाचं नाही. लातूरकर हिशेबाला पक्का असतो, झालेलं झालं म्हणतो.) तर त्यात नियम असा होता: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्याच्या वर 750. भूकंपानं घर पाडताना कुणाचा सातबारा बघितला नव्हता. ती त्याची चूक पुनर्वसनानं दुरुस्त केली. मजुराची सहा माणसं 250 मध्ये आणि बागायतदाराची चार 750 मध्ये, म्हणजे ज्याचं त्याला.

नंतर 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आली. त्यात घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट, आणि पैसे 1 लाख 20 हजार, तेही हप्त्यानं. मी पेन्सिल घेऊन वजाबाकी केली. गरिबाचं घर 23 वर्षांत 19 चौरस फुटांनी वाढलं. हसू नका. सहा बाय तीनची एक बाज त्यात बसते आणि वर एक फूट उरतो. म्हातारीला आडवं व्हायला जागा झाली, आणखी काय पाहिजे?

पण ही पक्क्या घराची गोष्ट. तुम्ही अजून तिथवर आलेला नाहीत, मधे पत्रा आहे. पत्र्याच्या शेडाबद्दल लोक उगीच वाईट बोलतात. उन्हाळ्यात ते रात्रीचं घर असतं. दिवसा बाभळीखाली बसावं, पारा चाळिशीच्या पार असताना पत्र्याखाली बसायला तुम्ही काही पापड नाही. पावसाळ्यात नवराबायकोची भांडणं बंद होतात, कारण पत्र्यावरच्या आवाजात ऐकूच येत नाही. थंडीत पहाटे वरून दव गळतं, पोरं आपोआप उठतात. शिवाय मधली भिंतही पत्र्याची असल्यामुळे शेजारच्या घरात कोण खोकलं, कुणाचं लग्न जमलं, कुणाचा हप्ता थकला हे सगळं बसल्या जागी कळतं.

आमची आज्जी मोठ्या माळवदाच्या घरात वाढलेली. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, धूर जायला सवणं. तो सगळा गारवा त्या पहाटे माणसांच्या अंगावर आला. पुढं आम्हाला सिमेंटचं घर मिळालं, 400 वालं. आज्जीनं त्यात ज्वारीची पोती ठेवली, देव ठेवले, आणि स्वतः अंगणात जुन्या शेडातले पत्रे उभे करून त्याखाली निजायला लागली. साहेब पाहणीला आले. "आजी, घर असताना बाहेर का?" आज्जी म्हणाली, "घर लई चांगलं हाय की ओ. म्हणूनच त्याच्यात ज्वारी ठिवलीय." साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही. बहुतेक 'लाभार्थी समाधानी' असं असावं.

तर मुद्दा शेजाराचा. इथं तुम्ही चुकणार, म्हणून नीट ऐका.

शाळेत राहिलात तेव्हा पहिल्या दोन दिवसांत बायांनी काय केलं ते आठवतंय? कुणी सांगितलं नव्हतं, पण चूल एक झाली. हिनं पीठ मळायचं, तिनं थापायचं, तिसरीनं टँकरवर घागरी लावायच्या. बाळंतिणीला व्हरांड्यातला कोपरा मिळाला. डोळ्यानं अधू आबांना लघवीला न्यायची पाळी दोन पोरांत वाटली गेली. एकटी राहणारी मावशी सगळ्यांच्या पोरांची आज्जी झाली. एरवी ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्याच हातची भाकरी चालली, कारण दुसरी भाकरी नव्हती. हे सगळं आता विसरायचं. याला कागदावर रकाना नाही. सुधारित निवाऱ्याचं वाटप सोडतीनं होतं. बरणीतून चिठ्ठी निघते: तुम्ही 7 नंबर, मावशी 64, आबा 31. "आम्हाला जवळ जवळ द्या" असं म्हणायला जाऊ नका. एकदा ऐकलं तर सगळेच मागतील, आणि मग पारदर्शकता राहणार नाही. त्यातही गाव हुशार असतं. सोडतीत कोण कुठंही निघो, वर्षभरात अदलाबदल होऊन वरची आळी वर आणि खालची आळी खाली बरोब्बर जमते. तेवढी एक अदलाबदल बिनबोभाट होते. मावशीला तुमच्या शेजारी आणायची तेवढी होत नाही.

जुन्या गावात आज्जीच्या आणि शेजारच्या काकूंच्या चुलीमागची भिंत एकच होती. भिंतीत आरपार एक कोनाडा होता. त्यातून विस्तव जायचा, मीठ जायचं, ताकाचा तांब्या यायचा, आणि कुणाच्या सुनेनं काय केलं तेही. नव्या गावठाणात आम्ही या टोकाला आणि काकू त्या टोकाला. मधे सरळ, रुंद, आखीव रस्ते, फोटोत सुरेख दिसणारे. त्या वर्षापासून आमच्या घरात काडेपेटी विकत यायला लागली. सुधारणाच म्हणायची.

जनावरांविषयी थोडक्यात: निवारा माणसांसाठी आहे. ज्यांची दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच गेली त्यांचा प्रश्न मिटला. ज्यांची म्हैस वाचली त्यांनी ती कुठं बांधायची हे ज्याचं त्यानं बघावं.

कार्यक्रमाची तयारी मात्र आधीपासून करा. मंडप तुमच्या शेडापेक्षा मोठा असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो तर एकाच दिवसासाठी आहे. दहाचा कार्यक्रम दीडला सुरू होईल. बायांनी हिरवं लुगडं नेसावं, फोटोत उठून दिसतं. वाटपातले जुने कपडे घालून येऊ नका. आमच्या वेळी शहरांतून कपड्यांचे ढीगच्या ढीग आले होते. त्यातली जीनची पँट घालून एक आजोबा मंडपात बसले, आणि छायाचित्रकारानं त्यांना 'भूकंपग्रस्त वाटत नाहीत' म्हणून उठवलं. चावी मोठी, थर्माकोलची असते. ती घरी न्यायची नाही, पुढच्या गावाला लागते. स्टेजवर साहेब तुम्हाला विचारतील, "काही अडचण?" हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. त्याला उत्तर "काई न्हाई सायेब, समदं बेस हाय." चुकून कुणी "संडासाला पाणी न्हाई" म्हणालंच, तर टाळ्या वाजवा, म्हणजे ऐकू जाणार नाही.

निघताना वर्ग झाडून द्या. चुलीचा काळा डाग पुसला जात नाही, त्यावर तक्ता सरकवा. गुरुजी चांगले असतात, इतके दिवस त्यांनी झाडाखाली पोरं शिकवली, त्यांना बोल लावू नका. ते दारात उभे असतील, दाखल्याचा कोरा फॉर्म हातात घेऊन. पोरांच्या दाखल्याबरोबर घरातल्या सगळ्यांचा एकच लिहून मागा, पुढं कुठल्या ना कुठल्या कार्यालयात कामाला येईल. रकाने ठरलेलेच आहेत.

शाळा सोडण्याचे कारण: सोमवारपासून शाळा भरणार आहे.
वर्तणूक: चांगली. तक्रार केली नाही.
अभ्यासातील प्रगती: 19 चौरस फूट.
शेरा: पुढील पावसाळ्यात पुन्हा प्रवेश देण्यास हरकत नाही.