भाडे थकवा, नव्वद दिवस मोजा, पुन्हा थकवा

व्यापारी गाळा भाड्याने देणारा माणूस गडगंजच असणार आणि भाडे थकवणारा परिस्थितीने गांजलेलाच असणार, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की थकलेले भाडे मागायला गेलेल्या मालकाकडेच लोक संशयाने पाहतात. माझा भाडेकरू गांजलेला नाही. त्याच्या दुकानाचे शटर रोज वेळेवर उघडते, दर्शनी भागावर नवा झगमगीत फलक लागला आहे, एसी बदलून झाला आहे, नोकरांचे पगार होतात आणि माल पुरवणाऱ्यांची बिलेही चुकती होतात. कारण नोकरांनी काम थांबवले किंवा पुरवठादारांनी माल थांबवला, तर धंदा त्याच दिवशी बसेल हे त्याला ठाऊक आहे. मालकाला मात्र काहीच थांबवता येत नाही, हेही त्याला तितकेच ठाऊक आहे. त्यामुळे त्याच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत माझा नंबर कायम शेवटचा.

‘कुलूप ठोका, वीज तोडा, दोन दिवसांत पैसे आणून देईल,’ असा सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांसारख्या अत्यावश्यक सेवा मालकाने तोडणे हा गुन्हा आहे, आणि न्यायालयाच्या आदेशावाचून बळजबरीने ताबा घेतला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून, मालकी कोणाची हा प्रश्नही न निघता, ताबा परत मिळवू शकतो. या तरतुदींशी माझे भांडण नाही. गुंड पाठवून गाळे रिकामे करवण्याचे धंदे बंद झालेच पाहिजेत. पण दांडगाईचा रस्ता बंद केल्यावर कायद्याचा रस्ता चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची? त्या रस्त्यावर पावलोपावली थांबे उभारून ठेवायचे आणि वर मालकाला ‘कायदा हातात घेऊ नका’ असे बजावायचे, याला काय म्हणावे?

पहिला थांबा भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ चा. भाडे थकले म्हणून ताब्याचा दावा लावायचा, तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि ती पोहोचल्यावर ९० दिवस गप्प बसायचे. माझी पहिली नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली आणि ‘दरवाजा बंद’ असा निळ्या शाईतला शेरा घेऊन परत आली. दरवाजा बंद! ज्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा असते, त्याचा दरवाजा नेमका पोस्टमनलाच बंद दिसतो. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोहोचली असे कायदा गृहीत धरतो हे खरे, परंतु ते गृहीतक खोडून काढण्याची मुभा समोरच्याला असते आणि त्या वादात तारखा जातात. शेवटी वकिलांनी सांगितले की आणखी एक नोटीस पाठवा, म्हणजे पुढे कटकट नको. दुसरी नोटीस मिळाली, नव्वद दिवस सरले, दावा दाखल झाला, समन्स बजावले गेले. आणि आता खरी गंमत सुरू होते. समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी दर साल दर शेकडा १५ दराच्या सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, व पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध ताब्याचा हुकूमनामा होत नाही.

म्हणजे काय झाले, ते नीट पाहा. माझ्या पैशांवर त्याने धंदा फिरवला, कोणतेही तारण दिले नाही, कोणत्याही बँकेच्या व्यवस्थापकापुढे ताळेबंद ठेवला नाही, हप्ता चुकला म्हणून त्याला कोणी फोन केला नाही, आणि अगदी अखेरच्या क्षणी त्याने सरळ व्याजासह रक्कम भरली की तो पुन्हा ‘भाडे देण्यास तयार आणि इच्छुक’ असा सज्जन भाडेकरू ठरतो. दावा निकालात निघाल्यावर त्याने पुन्हा भाडे थकवले, तर मी पुन्हा नोटिशीपासून सुरुवात करायची. खरोखर अडचणीत आलेल्या माणसाला ही सवलत हवीच. पण अडचणीत आलेला कोण आणि हिशेब करून थकवणारा कोण, हे तपासण्याची कसलीही चाळणी या तरतुदीत नाही.

मग म्हणतात, भाडेकरार करायचाच कशाला, लीव्ह अँड लायसन्स करायचे होते. तो करारही नोंदवायची जबाबदारी कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू किंवा लायसन्सधारक जे म्हणेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते आणि शिक्षेची तरतूद आहे ती मालकाला. बरे, ते सगळे पाळले तरी मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन झटपट ताबा मिळवण्याची कलम २४ ची सोय राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतीच आहे. तीच मुदत, तसाच नोंदवलेला करार, पण जागा दुकानाची, तर जा दिवाणी न्यायालयात. हा भेद का, याचे पटण्यासारखे कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

चेकची कथाही फार वेगळी नाही. आगाऊ घेतलेले चेक वटले नाहीत, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिनाभरात फौजदारी तक्रार, अशा मुदती मालकाने काटेकोर पाळायच्या, आणि आरोपीने मात्र वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून गैरहजर राहायचे. न वटलेल्या चेकसाठीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड अशी भारदस्त शिक्षा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याची सोयही झाली. तिच्यासाठी वेगळा अर्ज करा, त्यावर आरोपीचे म्हणणे येऊ द्या, मग आदेशाची वाट पाहा.

पण ज्या गोष्टीने माझे डोके खरोखर फिरते, ती म्हणजे कर. न मिळालेल्या भाड्यावर मी कर भरतो, हे वाक्य लोकांना अतिशयोक्ती वाटते. माझी जीएसटी नोंदणी आहे, त्यामुळे दर महिन्याला भाड्याचे बिल काढणे भाग आहे, आणि बिल काढले की त्यावरचा १८ टक्के कर ठरलेल्या तारखेला सरकारजमा करावा लागतो. भाडेकरूने दमडी दिली आहे की नाही, हा प्रश्न पोर्टल विचारत नाही. वसुली बुडाली म्हणून भरलेला कर परत मागण्याची सोय जीएसटीत नाही. याहून संतापजनक भाग असा की मी माझ्या खिशातून भरलेल्या या कराची वजावट तोच भाडेकरू आपल्या विवरणपत्रात घेतो. १८० दिवसांत बिल चुकते केले नाही, तर ती वजावट व्याजासह परत करावी लागते असे कायदा म्हणतो. ती त्याने परत केली का, हे मला कोण सांगणार? आयकरात न वसूल झालेले भाडे उत्पन्नातून वगळता येते, पण त्यासाठी भाडेकरूने जागा सोडलेली असावी किंवा त्याला बाहेर काढण्यासाठी पावले उचललेली असावीत, माझ्या दुसऱ्या कोणत्याही जागेत तो नसावा आणि वसुलीसाठी मी न्यायालयीन कारवाई केलेली असावी किंवा ती निरर्थक ठरेल हे अधिकाऱ्याला पटवलेले असावे. फसवला गेलो मी, आणि फसवला गेल्याचे पुरावेही मीच गोळा करायचे.

एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भाडे नियंत्रणाचे संरक्षण नाही, म्हणून ‘मोठी कंपनी बघून जागा द्या’ असे सांगितले जाते. ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली स्थगिती लागू होते आणि तिच्या ताब्यातली जागा मालकाला त्या काळात परत घेता येत नाही. झाले समाधान?

दावा चालू असताना थकलेले आणि चालू भाडे न्यायालयात भरायला लावण्याची तरतूद नाही असेही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत मुंबई उच्च न्यायालयाने जोडलेल्या ऑर्डर १५-अ नुसार न्यायालय तसा आदेश देऊ शकते आणि तो न पाळणाऱ्याचा बचाव रद्द करू शकते. पण त्यासाठी अर्ज द्यायचा मालकाने. माझा अर्ज दाखल आहे, आणि त्यावर म्हणणे देण्यासाठी समोरच्या वकिलांना मुदत हवी असते. कधी पक्षकार आजारी, कधी कागदपत्रे मिळाली नाहीत, कधी वकील दुसऱ्या कोर्टात. सुनावणीत कोणत्याही पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असे त्याच संहितेत लिहिलेले आहे. माझ्या हातात दर वेळी रोजनाम्याची नक्कल तेवढी येते. दरम्यान थकलेल्या भाड्याच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असल्यामुळे घड्याळ माझ्यावरच रोखलेले असते. उद्या हुकूमनामा झालाच, तर दरखास्त म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, बेलिफ आणि जप्तीची यादी हे प्रकरण नव्याने सुरू. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले आहे, यावरूनच त्या किती काळ पडून राहतात ते कळते.

सरकारकडे माझे मागणे फार नाही. दुकानाच्या जागेच्या दाव्यात भाडेकरूने पहिल्याच तारखेला थकबाकीची वादातीत रक्कम न्यायालयात भरल्याशिवाय त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, दाखल करून घेऊ नये, आणि त्यासाठी मालकाला वेगळा अर्ज करावा लागू नये. कलम १५ ची माफी एका भाडेकरूला एका जागेपुरती एकदाच मिळावी. न मिळालेल्या भाड्यावरचा जीएसटी, दावा दाखल झाल्याचा पुरावा दिल्यावर, पुढच्या महिन्याच्या करातून वळता करून मिळावा. हे होईपर्यंत भाडे थकवणे हा पूर्णपणे कायदेशीर आणि अत्यंत किफायतशीर कर्जाचा प्रकार राहील, ते कर्ज मला न विचारता माझ्याच खिशातून दिले जाईल, आणि त्यावरचा १८ टक्के कर मी येत्या महिन्यातही ठरलेल्या तारखेला भरीन, कारण मला उशीर झाला तर विलंब शुल्क आणि व्याज लगेच लागते.