मस्टर्ड, बारी बंदर आणि एक दुरुस्ती

सप्रेम नमस्कार.

विषांच्या औषधी उपयोगांवरील माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत: मस्टर्ड वायू रुग्णांना कधीच दिला गेला नाही, बारी बंदरातील दुर्घटनेतून केमोथेरपी जन्मली असे लिहून मी युद्धाला फुकटचे श्रेय दिले, आणि शस्त्र व औषध यांची सांगड घालणे मुळातच अनैतिक आहे.

पहिला आक्षेप ‘कधीच’ हा शब्द सोडून मान्य. १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर वापरलेल्या मस्टर्डच्या रेणूत गंधक असते (आणि तो वायू नसून तेलकट द्रव असतो). केमोथेरपी म्हणून रुग्णांना दिले गेले ते गंधकाच्या जागी नायट्रोजन असलेले संयुग. आयुष्यभर पुण्यात औषधशास्त्र शिकवलेल्या माणसाने दोन्ही एकाच नावाखाली घालावीत, हे शोभले नाही.

दुसऱ्या आक्षेपाला तर आपण दिला त्याहून भक्कम पुरावा आहे. इटलीतल्या बारीवरचा बॉम्बहल्ला, ज्यात मस्टर्ड वाहणारे जहाज फुटले, तो २ डिसेंबर १९४३ चा. गुडमन आणि गिलमन या औषधशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने येल विद्यापीठात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड टोचले गेले ते ऑगस्ट १९४२ मध्ये. गाठी झपाट्याने विरघळल्या, पण पुन्हा वाढल्या आणि काही महिन्यांत तो रुग्ण दगावला. बारीच्या बळींमध्ये पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या, त्याने आधीच्या निरीक्षणाला दुजोरा मिळाला, इतकेच. तथापि येलचे काम युद्धकालीन गुप्त संशोधनाचाच भाग होते आणि १९४६ पर्यंत प्रसिद्धही झाले नाही. तेव्हा युद्धाचा संबंध पुसता येणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. सारिनसारखी शस्त्र म्हणून वापरलेली मज्जाविषे (मज्जासंस्थेवरची विषे) आणि आपल्याकडच्या मळ्यांत फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके शरीरातल्या एकाच विकराला (एन्झाइमला), अॅसिटिलकोलिनएस्टरेजला, जखडतात. शस्त्रक्रियेअंती स्नायूंची शिथिलता उतरवणारे निओस्टिग्मिनही तेच करते, फक्त तात्पुरते. त्यानेही स्राव वाढतो आणि नाडी मंदावते, म्हणून त्याच्या जोडीला हे परिणाम रोखणारे अॅट्रोपिन किंवा तत्सम औषध द्यावे लागते. कीटकनाशकाची विषबाधा होऊन डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि तोंडाला फेस अशा अवस्थेत जुन्नरकडून आणलेल्या शेतकऱ्याला छातीतला स्राव आटेपर्यंत टोचतात, तेही अॅट्रोपिनच. हे नाते ज्याला उमगले, तो निवासी डॉक्टर मात्रा वाढवताना कचरत नाही. ते अनैतिक म्हणून शिकवायचेच नाही, तर त्याची किंमत कोण मोजणार?

मस्टर्डचा आणि बारीचा परिच्छेद आज रात्रीच दुरुस्त करतो. निओस्टिग्मिनचा तसाच राहील.