‘मूळ पुस्तक हातात न घेता’ म्हणे!

तुम्ही प्रतिक्रियेखाली नाव लिहिलेलं नाही त्यामुळे साहेब म्हणू की ताई कळत नाही, पण परीकथांच्या जुन्या चित्रांच्या प्रिंट्सवरचा माझा लेख (नवी प्रिंट कधीकधी जुन्या पुस्तकापेक्षा चित्राच्या जास्त जवळ जाते, असं म्हणणारा) वाचलात त्याबद्दल आभार. वाचलात असं धरून चालतो, कारण "मूळ पुस्तक हातात न घेता रंगांवर प्रवचन झोडणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय" हे वाक्य तुमच्याकडे आधीच तयार असावं असं वाटतं. मतभेद असू देत हो. पण प्रवचन? सुळसुळाट? समोरासमोर बसलो असतो तर हेच शब्द वापरले असते का?

एक चूक बरोबर पकडलीत, ती मान्य. आर्थर रॅकहॅम या इंग्रज चित्रकाराची ग्रिम बंधूंच्या परीकथांसाठीची ती रंगीत चित्रं १९०० ची नाहीत, १९०९ ची आहेत. १९०० च्या आवृत्तीत बहुतेक सगळं काळं-पांढरं होतं, रंगीत ४० प्लेट्स, म्हणजे वेगळी छापून पुस्तकात लावलेली चित्रं, नऊ वर्षांनी आल्या. दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता ‘हातात न घेता’बद्दल. मी अकरा वर्षांचा असताना आजारी पडून तीन आठवडे अंथरुणात होतो, तेव्हा एका नातेवाइकांनी त्यांच्याकडचं अँडरसनच्या परीकथांचं १९११ चं पुस्तक, चित्रकार एडमंड ड्यूलाकच्या चित्रांचं, वाचायला दिलं होतं. त्यातली चित्रं पानावर छापलेली नव्हती, वेगळ्या कागदावर छापून नुसती वरच्या कडेला चिकटवलेली, खालचा भाग मोकळा आणि वर पातळ टिश्यू. मी प्रत्येक चित्र नखाने उचलून मागे काय आहे ते बघायचो, आणि एकदा एक टर्रकन निघालं त्याबद्दल कानाखाली खाल्लेलीही आहे. तेव्हा हातात घेण्याबद्दल मला कृपया शिकवू नका.

आणि मुळात तुम्ही ‘मूळ’ कशाला म्हणताय? रॅकहॅमने कागदावर शाईची रेघ मारली, वर वॉटरकलरचे पातळ हात दिले, ते झालं मूळ. ती चित्रं लंडनच्या लेस्टर गॅलरीजमध्ये प्रदर्शनात लागायची, विकली जायची. पुस्तकात जे आलं ते त्या चित्रांचे रंगीत फिल्टर लावून काढलेले फोटो, त्यावरून पिवळा, लाल, निळा असे हाफटोन ब्लॉक (चित्र बारीक ठिपक्यांत फोडणारे छपाईचे ठसे), आणि तीन वेळा छपाई. ठिपक्यांची इतकी बारीक जाळी खरखरीत कागदावर उतरत नाही म्हणून चित्रं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापायची आणि मग पुस्तकात चिकटवायची, ती चिकटवाचिकटवी काही शोभेसाठी नव्हती. माझ्याकडे रॅकहॅमची, ग्रिमच्या हॅन्सेल-ग्रेटेल गोष्टीतली प्लेट आहे, कुबडी टेकत दाराबाहेर येणारी म्हातारी. भिंगाखाली धरली की तिच्या नाकाची रेघ रेघ राहतच नाही, ठिपक्यांची रांग होते. म्हणजे तुम्ही जिची पूजा करताय तीसुद्धा कॉपीच आहे, फक्त शंभर वर्षं जुनी!

त्यात कागद पिवळा पडलेला असतो आणि रॅकहॅम स्वतःच मातकट रंग वापरायचा, त्यामुळे यातला तपकिरी त्याचा किती आणि काळाचा किती हे पुस्तक बघून कसं ठरवणार? उलट मूळ वॉटरकलर नीट स्कॅन करून पिगमेंट इंकने (सहसा न फिकटणाऱ्या शाईने) कॉटन पेपरवर काढलेली प्रिंट कधीकधी त्या पुस्तकापेक्षा चित्राच्या जास्त जवळ जाते, हे मी म्हटलं होतं आणि परत म्हणतो. हां, पुस्तकातल्या प्लेटवरूनच स्कॅन करून पोस्टरएवढी केली तर तेच ठिपके मोठे होऊन जाळी दिसायला लागते, तसली प्रिंट घेऊ नका. पण हेही लेखात होतं, तिसऱ्या परिच्छेदात. तुमची घाई झाली असावी.

राहिलं तुमचं उरलेलं म्हणणं, की जुनी पुस्तकं फाडून प्लेट्स सुट्या विकतात त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. तो वेगळा विषय आहे, माझा लेख प्रिंट्सवर होता, सगळ्या जगाचा हिशोब मी एकट्याने का द्यायचा? आणि गैरसमज नको म्हणून सांगतो, ती म्हातारीची प्लेट मी फाडलेली नाही. मी विकत घेतली तेव्हा ती सुटीच होती, मागे वरच्या कडेला जुन्या गोंदाचा डाग तेवढा होता.