पंड्या-राहुल यांना ‘काहीच झालं नाही’ हे खरं नाही

पोरांच्या क्रिकेट ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘पंड्या-राहुल टीव्हीवर मुलींबद्दल काहीही बोलले, कुणी काय वाकडं केलं? आपण बोललो तर काय बिघडलं?’

हे चुकीचं आहे. क्रिकेटपटू हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल ‘कॉफी विथ करण’ या टीव्ही कार्यक्रमात तसं बोलले, त्यावरून जानेवारी २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट बोर्डाने दोघांना निलंबित करून ऑस्ट्रेलिया दौऱ्यातूनच घरी पाठवलं. निलंबन पुढे उठलं, पण चौकशी झाली आणि एप्रिलमध्ये बोर्डाचे तेव्हाचे लोकपाल (तक्रारींवर निर्णय देणारे) डी. के. जैन यांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड ठोठावला: १० लाख शहीद जवानांच्या १० कुटुंबांना, उरलेले अंध क्रिकेटसाठी. हा आदेश बोर्डाने स्वतःच्या वेबसाइटवर टाकला होता. खेळाडू समाजात आदर्श मानले जातात, हेही त्यात म्हटलंय.

सोळा-सतरा वर्षांची मुलं हा मेसेज ढालीसारखा पुढे करतात, याची मला फार काळजी वाटते. कृपया तो फॉरवर्ड करू नका. जिथे टाकलात तिथे हा खुलासाही टाका.